इंदोरा ते जामठा : विदर्भ जिंकला, वस्तीतली मुले कुठवर पोहोचली?

2025 मध्ये अशोक विजयादशमी 2 ऑक्टोबरला आली. नागपूरच्या दीक्षाभूमीवर नेहमीप्रमाणे जनसागर उसळला होता. रेल्वे स्थानकापासून, बस स्थानकापासून पांढऱ्या कपड्यांतील माणसे चालत येत होती. पुस्तकांचे स्टॉल, भोजनदान, पाण्याचे स्टॉल, रात्रभर गाणी. त्याच दिवशी, त्याच शहरात, वर्धा रोडवरच्या जामठा स्टेडियममध्ये इराणी करंडकाच्या सामन्याचा दुसरा दिवस सुरू होता. रणजी विजेता विदर्भ एका बाजूला, शेष भारत दुसऱ्या बाजूला. 5 ऑक्टोबरला विदर्भाने तो सामना 93 धावांनी जिंकला. अथर्व तायडेचे शतक, मग गोलंदाजांची कामगिरी, आणि करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे.

आम्ही काही कार्यकर्ते उत्तर नागपुरातील वस्त्यांमध्ये शाळकरी मुलांचे संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवतो. दीक्षाभूमीवरच्या पाण्याच्या स्टॉलवर आमची मोठी मुले दोन दिवस उभी होती. त्यातल्या एकाने स्टॉलवरच मोबाईलवर स्कोअर लावला होता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे 3 तारखेला, आम्ही त्यांना सामना दाखवायला घेऊन गेलो. नागपूर मेट्रोची ऑरेंज लाईन इंदोरा चौकातून निघते ती थेट खापरीपर्यंत जाते, गाडी बदलावी लागत नाही. खापरीला उतरून पुढे जामठ्यापर्यंत ऑटो. रणजी किंवा इराणीसारख्या सामन्यांना प्रवेश सहसा मोफत असतो. तरीही बारा मुलांपैकी एकही या स्टेडियममध्ये याआधी कधी आला नव्हता. यातली सात मुले रोज क्रिकेट खेळतात.

हे लिहिण्याचे कारण हेच. विदर्भाचा संघ आज देशातील सर्वांत यशस्वी संघांपैकी एक आहे. या यशाचा आनंद आम्हाला मनापासून आहे; तो कोरडा नाही. पण या यशाची घडण पाहिली की आपल्या समाजापुढचे काही प्रश्न फार स्पष्ट दिसतात, आणि ते क्रिकेटपुरते नाहीत.

आधी संघाची गोष्ट, कारण ती खरोखर सांगण्यासारखी आहे. विदर्भाने रणजी करंडकात पहिल्यांदा 1957-58 मध्ये भाग घेतला. म्हणजे धम्मदीक्षेनंतर एका वर्षाने. राज्य पुनर्रचनेत विदर्भ 1956 साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात गेला, पण क्रिकेटचा संघ मात्र वेगळाच राहिला. बाबासाहेबांनी 1955 मध्ये भाषिक राज्यांवरील आपल्या पुस्तिकेत मराठी मुलखाचे चार भाग सुचवले होते, त्यातला एक पूर्व महाराष्ट्र, म्हणजे आपला विदर्भ. ते राज्य झाले नाही. वेगळा विदर्भ आज फक्त धावफलकावर दिसतो, असे आमच्यातले एक जुने कार्यकर्ते गमतीने म्हणतात.

पुढची साठ वर्षे हा संघ म्हणजे इतरांसाठी गुण मिळवण्याचे ठिकाण होता. विदर्भाचा सामना म्हणजे मोठ्या संघांच्या फलंदाजांची सरासरी वाढण्याची हमी. संघातून कोणी कसोटीपर्यंत जाईल असे कोणाला वाटत नव्हते. उमेश यादव पहिला. खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा. वयाच्या विशीपर्यंत टेनिस बॉलवर खेळलेला. पोलीस भरतीसाठी प्रयत्न करून झालेला. 2011 च्या नोव्हेंबरमध्ये तो कसोटी खेळला. विदर्भाच्या रणजी संघातून कसोटीत पोहोचायला या प्रदेशाला पन्नासहून अधिक वर्षे लागली.

मग चित्र बदलले. 2017-18 मध्ये इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीला हरवून विदर्भ पहिल्यांदा विजेता झाला. रजनीश गुरबानीची त्या सामन्यातली हॅटट्रिक अजून लोकांना आठवते. कर्णधार फैज फजल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. पुढच्याच वर्षी जामठ्यावर सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून करंडक राखला, त्यात आदित्य सरवटेने 11 बळी घेतले. 2023-24 मध्ये अंतिम फेरीत मुंबईकडून हार. 2024-25 मध्ये पुन्हा विजेतेपद, केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर. दानिश मालेवारच्या 153 धावा आणि हर्ष दुबेचे हंगामातील 69 बळी. एका रणजी हंगामात याहून जास्त बळी आजवर कोणी घेतलेले नाहीत.

हे कशामुळे झाले? विदर्भातल्या मुलांच्या मनगटात एकाएकी ताकद आली नाही. रक्तात, जातीत किंवा मातीत काही बदलले नाही. बदलले ते इतकेच: 2008 साली जामठा स्टेडियम उभे राहिले, चांगल्या खेळपट्ट्या झाल्या, निवासी अकादमी झाली, वयोगटांच्या संघांना सातत्याने प्रशिक्षक मिळाले, अनुभवी बाहेरचे खेळाडू आले (वसीम जाफरने 2018-19 च्या हंगामात एक हजाराहून जास्त धावा केल्या) आणि मंडळाने निकालाची घाई न करता काही वर्षे वाट पाहिली. साधने मिळाली, वेळ मिळाला आणि दुर्बळ म्हणून हिणवलेला संघ दहा वर्षांत विजेता झाला. आपल्या समाजाला हे तर्कशास्त्र नवे नाही. शिक्षणाच्या बाबतीत आपण हेच सत्तर वर्षे सांगत आहोत. 'गुणवत्ता' हा शब्द आपल्या तोंडावर फेकणाऱ्यांना विदर्भाच्या संघाचे उदाहरण आम्ही आवर्जून देतो. 2005 चा विदर्भाचा संघ आणि 2018 चा विदर्भाचा संघ, यांत गुणवत्तेचा फरक होता की संधीचा?

पण इथेच दुसरा प्रश्न येतो. प्रदेश म्हणून विदर्भाला साधने मिळाली. प्रदेशाच्या आत ती कोणापर्यंत गेली?

आडनावे वाचून जात ओळखण्याचा खेळ आम्ही इथे खेळणार नाही. तो खेळ या देशात आपल्याविरुद्धच जास्त खेळला गेला आहे. शिवाय विदर्भात एकच आडनाव चार समाजांत सापडते. अमुक इतके खेळाडू आपले, तमुक इतके त्यांचे, असे आकडे समाजमाध्यमांवर फिरतात. त्यातले बरेचसे अंदाजपंचे असतात. आम्हाला खटकते ती वेगळीच गोष्ट. हे मोजण्याची व्यवस्थाच कुठे नाही. चौदा वर्षांखालील निवड चाचणीला किती मुले आली, कोणत्या तालुक्यांतून आली, महापालिकेच्या शाळेतली किती, खासगी शाळेतली किती, आईवडील काय करतात, पुढच्या फेरीत त्यातली किती राहिली, सोळा वर्षांखालील गटात किती गळली. शाळांच्या बाबतीत गळतीचा हिशेब सरकार ठेवते. खेळात गळती कोणी मोजत नाही, आणि जे मोजले जात नाही त्यावर 'सगळ्यांना दार उघडे आहे' असे म्हणणे सोपे असते.

दार खरेच उघडे आहे का, ते किटबॅगेवरून कळते. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही 'सांस्कृतिक भांडवल' ही संज्ञा परीक्षेपुरती पाठ केली होती. तिचा अर्थ कळला तो वस्तीतल्या एका मुलासाठी सामान घ्यायला गेलो तेव्हा. टेनिस बॉलचे क्रिकेट फुकट आहे: एक बॅट दहा जणांत, विटांचे स्टंप, चेंडूचे पैसे वर्गणीतून. लेदर बॉलचे क्रिकेट सुरू झाले की पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट, गार्ड, स्पाईकचे बूट, पांढरे कपडे. इंग्लिश विलोची बरी बॅट दहा हजारांच्या पुढे. त्याशिवाय कोचिंगची महिन्याची फी, सकाळी साडेपाचला मैदानावर सोडायला गाडी आणि ती चालवायला रिकामा असलेला बाप. आमच्या मुलांचे बाप साडेपाचला एकतर रात्रपाळीहून येत असतात किंवा ठिय्यावर जायच्या तयारीत असतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माहिती. चाचणीचा फॉर्म कधी निघतो, कोणत्या क्लबकडून खेळले म्हणजे निवड समितीच्या नजरेत येते, जन्माचा दाखला कसा लागतो. हे ज्यांच्या घरात बोलले जाते त्यांना ते सहज कळते. ज्यांच्या घरात बोलले जात नाही त्यांना ते वय निघून गेल्यावर कळते.

उमेश यादवचे उदाहरण इथे हमखास पुढे केले जाते. खाणकामगाराचा मुलगा पोहोचला ना? पोहोचला, आणि त्याचा अभिमानच आहे. पण तो वेगवान गोलंदाज होता. वेगवान गोलंदाजाकडे निदान एक गोष्ट असते, ती म्हणजे वेग, आणि तो पाहणाऱ्याला लगेच दिसतो. फलंदाजाला दिसायला काही वर्षे नेट्समध्ये लेदर बॉल खेळावा लागतो. गरीब घरांतून आलेल्या खेळाडूंमध्ये गोलंदाज जास्त असतात, असे आमचे निरीक्षण आहे. त्यामागे हेच कारण असावे. जगाच्या पाठीवर जिथे कुठे श्रमिक वर्गाला क्रिकेटने आत घेतले, तिथे आधी चेंडू टाकण्यासाठी घेतले.

पुण्यातली गोष्ट तर आपल्याला ठाऊकच आहे. पालवणकर बाळू. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज आधी पुण्यात पारशांच्या मैदानावर खेळपट्टी झाडणे-लोटणे करीत होता, मग इंग्रजांच्या जिमखान्यात साहेबांना नेट्समध्ये गोलंदाजी करू लागला. तासन् तास गोलंदाजी. फलंदाजी मात्र साहेबांची. हिंदूंच्या क्लबला इंग्रजांना हरवायचे होते म्हणून त्यांनी बाळूला संघात घेतले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू चालत होता, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते 1923 मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले, तेही बराच वाद होऊन. विठ्ठल कर्णधार झाला त्यानंतर चार वर्षांनी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. बाळू पुढे काँग्रेसच्या बाजूने गेले आणि 1937 च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून हरले. त्यामुळे आपल्या चळवळीच्या आठवणीत त्यांना फारशी जागा मिळाली नाही. आम्हाला वाटते ती मिळायला हवी. राजकीय मतभेद आपल्या जागी, पण त्या मातीच्या भांड्याचा अपमान आपलाच होता.

आता आरक्षणाचा मुद्दा. तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2017 मध्ये केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी भारतीय क्रिकेट संघात अनुसूचित जाती-जमातींसाठी 25 टक्के आरक्षणाची मागणी केली. त्यांची नेहमीप्रमाणे टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांपैकी किती जणांना दक्षिण आफ्रिकेत काय झाले हे माहीत होते, कोण जाणे. तिथल्या क्रिकेट मंडळाने 2016 मध्ये राष्ट्रीय संघासाठी लक्ष्य ठरवले: हंगामाच्या सरासरीने अकरांत किमान सहा खेळाडू कृष्णवर्णीय व इतर गौरेतर समाजांतले आणि त्यांतले किमान दोन कृष्णवर्णीय आफ्रिकन. तेव्हाही 'संघ बुडणार' अशी ओरड झाली. जून 2025 मध्ये लॉर्ड्सवर त्याच संघाने ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीचे जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि करंडक उचलला तो टेंबा बवुमाने, केपटाऊनजवळच्या लांगा या कृष्णवर्णीय वस्तीत वाढलेल्या कर्णधाराने. 'कोट्याचा खेळाडू' असे ज्याला वर्षानुवर्षे हिणवले गेले, त्याच बवुमाने.

असे असले तरी भारतात अंतिम अकरांतल्या आरक्षणापासून सुरुवात करावी असे आम्हाला वाटत नाही. तत्त्व म्हणून आमचा विरोध नाही. पण अडचण वेगळी आहे. लांगामध्ये क्रिकेट क्लब होता, मैदान होते, शाळांच्या शिष्यवृत्त्या होत्या. वरचे लक्ष्य खालच्या पायाशी जोडलेले होते. आपल्याकडे पाया नसताना वरच्या दोन जागा दिल्या, तर त्या जागांवर कोण बसेल याचा अंदाज आपल्यातल्या कोणालाही येईल. ज्याच्या बापाकडे गाडी आहे, तोच.

शिवाय कायद्याची गुंतागुंत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात ठरवले की क्रिकेट नियामक मंडळ म्हणजे संविधानाच्या कलम 12 मधील 'राज्य' नव्हे. 2015 मध्ये न्यायालयानेच म्हटले की मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे काम करते, त्यामुळे उच्च न्यायालयात त्याच्याविरुद्ध दाद मागता येते. म्हणजे मंडळ देशाच्या नावाने संघ निवडते, सामन्यांना पोलीस बंदोबस्त सरकारचा असतो, पण समान संधीची घटनात्मक जबाबदारी सरळ त्याच्यावर येत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक मंजूर केले. क्रिकेट मंडळ या चौकटीत येईल असे सांगितले गेले, पण माहिती अधिकाराचे कलम अशा बेताने लिहिले गेले की सरकारी अनुदान किंवा आर्थिक मदत घेणाऱ्या संघटनांनाच ते लागू व्हावे. क्रिकेट मंडळाला सरकारी अनुदानाची गरज नाही. म्हणजे देशातील सर्वांत श्रीमंत क्रीडा संघटनेला तुम्ही-आम्ही विचारू शकत नाही की चाचणीला कोण आले आणि कोण गळले. या कायद्यावर आपल्या समाजाच्या खासदारांकडून एक तरी ठोस दुरुस्ती यायला हवी होती, असे आम्हाला वाटते. आपण निळ्या झेंड्याखाली अनेक प्रश्नांवर बोलतो. क्रीडा हा विषय आपल्या अजेंड्यावर जवळजवळ नाहीच.

लोढा समितीच्या सुधारणांच्या वेळी 'एक राज्य, एक मत' या तत्त्वाने विदर्भाचे मत जाणार होते. ऑगस्ट 2018 च्या निकालाने ते वाचले. विदर्भ क्रिकेट संघटनेकडे वजन आहे. इथले शशांक मनोहर राष्ट्रीय मंडळाचे अध्यक्ष झाले, पुढे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचेही. म्हणून अपेक्षाही इथूनच आहे. संघटनेने ठरवले तर उद्यापासून चाचणीच्या फॉर्मवर शाळा, तालुका आणि पालकांचा व्यवसाय असे तीन रकाने वाढवता येतील. त्याला कायदा लागत नाही. वर्षातून एकदा त्याचा गोषवारा जाहीर करता येईल.

पण सगळे बोट जामठ्याकडे दाखवून मोकळे होता येणार नाही. जामठा हे शेवटचे स्टेशन आहे. गाडी सुटते ती वस्तीतल्या मोकळ्या जागेतून, आणि तीच जागा नाहीशी होत चालली आहे.

नागपूरच्या सार्वजनिक मैदानांचे काय झाले ते ऑरेंज लाईनच्या खिडकीतूनही दिसते. कस्तुरचंद पार्क सभा, प्रदर्शने आणि मेळाव्यांसाठी. धंतोलीतले यशवंत स्टेडियम हिवाळी अधिवेशनात धरणे-उपोषणांच्या मंडपांमुळे ओळखले जाते. मोर्चासाठी जागा हवीच, आम्ही स्वतः तिथे बसलो आहोत. पण मुलांनी खेळायचे कुठे? 2001 च्या क्रीडा धोरणानंतर राज्यभर तालुका, जिल्हा आणि विभागीय क्रीडा संकुले उभी राहू लागली. नागपूरचे विभागीय संकुल मानकापूरला आहे, इंदोऱ्याहून फार लांब नाही. कल्पना उत्तम होती. क्रिकेटवाल्यांचे खासगी स्टेडियम जामठ्याला, तर सामान्यांचे बहुउद्देशीय स्टेडियम सरकारचे. प्रत्यक्षात 'बहुउद्देशीय' या शब्दाचा अर्थ अनेक ठिकाणी असा झाला की खेळ सोडून बाकी सगळे उद्देश आधी. विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही मुलींच्या कबड्डी संघासाठी संकुलाचे मैदान मागायला गेलो होतो. आधी अर्ज, मग अनामत, मग सांगितले की महिनाभर एका प्रदर्शनाचे बुकिंग आहे. बाहेर फलक होता: खेळाडूंसाठी राखीव.

मुलींचा उल्लेख आला आहे तर तेही सांगू. आम्ही नेलेल्या बारा जणांत मुली तीन होत्या. नागपूरची मोना मेश्राम 2017 च्या महिला विश्वचषक संघात होती, अमरावतीची भारती फुलमाळी भारताकडून खेळली. या दोन्ही नावांची वस्तीतल्या मुलींना ओळख नव्हती. विराट कोहलीचा जर्सी क्रमांक मात्र सगळ्यांना पाठ. मोकळी जागा कमी झाली की आधी मुली घरात जातात, कारण उरलेल्या कोपऱ्यावर मोठ्या मुलांचा ताबा असतो आणि त्याच्या कडेला खर्ऱ्याचे ठेले. हा नियम आम्ही प्रत्येक वस्तीत पाहिला आहे.

मोकळ्या जागा जातात कशा? एक मार्ग कायद्याचाच आहे. शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी जमीन आरक्षित केली जाते. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत महापालिकेने ती ताब्यात घेतली नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण संपते. मग तिथे इमारत. कोणी अतिक्रमण केले नाही, कोणी कायदा मोडला नाही. फक्त एका टेबलावर एक फाईल वेळेत हलली नाही, आणि वस्तीचे मैदान कायमचे गेले. नकाशावर हिरवा ठिपका असतो तोवर आपल्याला वाटते मैदान आहे.

दुसरा मार्ग आपला स्वतःचा आहे आणि तो लिहिताना हात थोडा अडखळतो. मोकळ्या जागेच्या एका कोपऱ्यात आपण आधी निळा झेंडा लावतो, मग पुतळ्याचा चौथरा, मग विहार, मग विहाराला लागून सभामंडप, मग सभामंडपाला कुंपण. पलीकडच्या वस्तीत हेच मंदिराच्या नावाने होते. विहार हवे, विहारातच आमचे वर्ग चालतात. बाबासाहेबांच्या जयंतीला त्याच मंडपात आम्ही जेवण वाढतो. पण दलित वस्ती सुधारणेचा निधी आला की तो रस्ते, नाल्या आणि समाजमंदिर यांवरच जातो, मैदानाचे नाव कोणी काढत नाही, हा आमचा अनुभव आहे. एका बैठकीत आम्ही मैदानाचा विषय काढला तर एक ज्येष्ठ म्हणाले, 'पोट्टे खेळून काय दिवे लावणार हाये? अभ्यासिका बांधा.' त्यांचा राग आला नाही. ज्या पिढीने शिक्षणानेच माणूसपण मिळवले, तिला खेळ म्हणजे वेळेची नासाडी वाटणे समजण्यासारखे आहे. त्यांना आम्ही एवढेच सांगितले की राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत आणि त्या जागांपर्यंत जाणारा रस्ता अभ्यासिकेतून जात नाही. ते थोडे थांबले. मग म्हणाले, 'हे आधी सांगायचं होतं.'

जमिनीचे मोल आपल्या समाजाला कळत नाही असे नाही. 1 जुलै 2024 रोजी दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध लोक उतरले आणि सरकारला ते काम थांबवावे लागले. त्या आंदोलनाच्या पद्धतीवर मतभेद असू शकतात. पण एका मोकळ्या जागेसाठी हजारो लोक घराबाहेर पडले, हे खरे. तीच जागरूकता आपल्या गल्लीमागच्या अर्ध्या एकरासाठी आली पाहिजे.

3 तारखेला जामठ्यावर प्रेक्षक फार नव्हते. पंचेचाळीस हजारांचे स्टेडियम, आणि आमच्या मुलांचा आवाज दूरवर जात होता. शेष भारताचा पहिला डाव 214 वर संपला तेव्हा ती नाचली. आमच्यातला एक सोळा वर्षांचा मुलगा मात्र नाचत नव्हता. तो सीमारेषेजवळच्या जाळीला चिकटून गोलंदाजाचा रनअप मोजत होता. पावले मोजून झाल्यावर त्याने विचारले, 'सर, इथे आत खेळायला फॉर्म कुठे मिळते?' त्याला सोळा वर्षांखालील चाचणीबद्दल सांगावे लागले, आणि हेही सांगावे लागले की त्याचे वय आता त्यात बसत नाही.

परत आल्यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. त्या मुलाला एका क्लबच्या नेट्समध्ये गोलंदाजी करण्यापुरता प्रवेश मिळवून दिला. फी नाही, पण फलंदाजीही नाही. बाळूची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. आणि आमच्या प्रभागात विकास आराखड्यात मैदान म्हणून दाखवलेल्या सर्व जागांची यादी, त्यांच्या ताब्याची तारीख आणि कलम 127 खाली आलेल्या नोटिसा, अशी माहिती मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज महापालिकेत दिला. मुदत तीस दिवसांची आहे. उत्तर आले की ते इथेच मांडू. इतर शहरांतल्या वाचकांनी आपापल्या प्रभागात असाच अर्ज दिला, तर नमुना आम्ही पाठवू.